शौचाच्या रिपोर्टात ब्युटिरेट कमी. मग ते गेलं कुठं?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे दुसऱ्या कुणी हे वाचलं तर त्यांनाही धागा सापडेल. तुम्ही कोल्हापुरात हायस्कूलला विज्ञान शिकवता, वय ५४. मुलीनं हौसेनं शौचातल्या जिवाणूंची एक महागडी तपासणी करून दिली. रिपोर्टात लाल अक्षरांत 'ब्युटिरेट कमी' आलं आणि खाली कॅप्सूलची शिफारस. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. ही शॉर्ट चेन फॅटी ॲसिड (छोट्या साखळीची मेदाम्लं, ब्युटिरेट त्यांतलंच एक) आतड्यातून रक्तात जातात कशी? माझ्या आतड्याला ती शोषता येत नाहीत की काय? आणि घरी म्हशीचं तूप असताना कॅप्सूल कशाला?

मधला प्रश्न आधी घेते, कारण तुमची झोप त्यानंच उडवलेली दिसते. शौचात सापडतं ते न शोषलेलं. मोठ्या आतड्यात तयार होणाऱ्या या आम्लांपैकी शंभरातली नव्वद-पंच्याण्णव भिंतीतून आत जातात. बाहेर पडतात ती उरलेली पाच-दहा. त्या उरलेल्यावरून उत्पादन किती झालं हे काढायचं म्हणजे जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर पायऱ्यांवरचे खोबऱ्याचे तुकडे मोजून किती खोबरं उधळलं ते सांगण्यासारखं आहे. तुकडे कमी दिसले तर उधळलंच कमी असेल, नाहीतर लोकांनी प्रसाद म्हणून वेचून नेलं असेल. रिपोर्टाला यातला फरक कळत नाही. उलट ज्याला जुलाब लागलेत, आतड्यातला माल भराभर पुढं सरकतोय, त्याच्या शौचात ही आम्लं जास्त सापडू शकतात. म्हणून काही त्याचं आतडं तुमच्यापेक्षा निरोगी ठरत नाही.

आता पहिला प्रश्न. यावर मी जरा रेंगाळणार आहे. २७ वर्षं दुर्बिणीतून आतड्याची ही गुलाबी भिंत बघतेय. बाहेरून ती अगदी गुळगुळीत, निवांत दिसते, आणि आत केवढी देवघेव चाललेली असते!

मुळात ही आम्लं येतात कुठून? आपण खातो ते सगळं लहान आतड्यात पचत नाही. भाकरीतला कोंडा, मटकीतल्या रॅफिनोज-स्टॅकिओजसारख्या साखरा, कांदा-लसणातलं फ्रुक्टान, गार झालेल्या भातातला काही स्टार्च, हे सगळं तसंच पुढं जातं आणि उजव्या कुशीत खाली, मोठं आतडं जिथं सुरू होतं त्या सीकममध्ये पडतं. तिथं ऑक्सिजन जवळजवळ नसतो. जिवाणू हा माल आंबवतात आणि त्यातून मुख्यतः तीन आम्लं निघतात: दोन कार्बनचं ॲसिटेट, तीन कार्बनचं प्रोपिओनेट, चार कार्बनचं ब्युटिरेट. प्रमाण ढोबळमानानं ६०, २० आणि २०. शिवाय हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहीजणांत मिथेन. मिसळ खाऊन दुपारी वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला हा भाग समजावून सांगायला नको. दिवसाचं एकूण उत्पादन साधारण ३०० ते ६०० मिलिमोल (मिलिमोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं माप) धरतात.

तुमच्या दारात म्हैस आहे म्हणून सांगते, तिचा सगळा संसार याच तीन आम्लांवर चालतो. तिची आंबवण्याची टाकी पुढं असते, आपली मागं. रवंथ करणाऱ्या जनावराला लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ७० टक्के याच आम्लांतून येते; आपल्याला फार तर १० टक्के. गंगावेशीतल्या कट्ट्यावर फेसाळ धारोष्ण दूध पिताना जी साय-चरबी पोटात जाते, तिचा बराचसा कच्चा माल म्हणजे म्हशीच्या पोटाच्या भिंतीतून रक्तात गेलेलं ॲसिटेट. म्हणून वैरण तोडून नुसतं आंबोण वाढवलं की दुधाचं फॅट उतरतं. डेअरीत कॅन घेऊन जाणाऱ्या कुणालाही विचारा, कारण माहीत नसेल पण गोष्ट माहीत असते.

आता भिंत. मोठ्या आतड्याच्या आतल्या बाजूला उभ्या विटांसारख्या पेशींचा एकच थर असतो. त्याच्यावर चिकट श्लेष्मा, त्याच्यामागं केशवाहिन्यांचं जाळं. आम्लाला पेशीचं अलीकडचं पटल, पेशीचं पोट आणि पलीकडचं पटल ओलांडून रक्तात उतरायचंय. तेल-तुपातल्या लांब साखळीच्या मेदाम्लांचा मार्ग वेगळा. त्यांना लहान आतड्यात आधी पित्ताचा साबण लागतो, मग पेशीत त्यांचे पुन्हा गोळे बांधले जातात आणि ते लसीकेच्या (लिम्फच्या) वाटेनं, यकृताला वळसा घालून, मानेपाशी रक्तात मिसळतात. आपली छोटी आम्लं पाण्यात विरघळतात. त्यांना पित्त नको, गोळे नकोत, लसीका नको. ती सरळ रक्तात जातात.

'सरळ' म्हटलं खरं, पण इथंच पुस्तकं गोंधळ घालतात. 'झिरपून जातात' एवढं एक वाक्य लिहून पुढच्या प्रकरणाला लागतात. तुम्ही पीएच शिकवता, तेव्हा हे तुम्हीच ताडून बघा. या आम्लांचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू प्रोटॉन धरून असतात तो, ४.८ च्या आसपास. सीकममध्ये पीएच ५.६ च्या जवळ. गणित केलं तर शंभरातले तेरा-चौदा रेणूच प्रोटॉन धरून, म्हणजे विद्युतभाराविना असतात. बाकीचे ऋणभारित आयन. डावीकडं, उतरत्या आतड्यात पीएच ६.६ पर्यंत चढतो. तिथं भाररहित रेणू शंभरात दीड-दोनच उरतात. पेशीचं पटल तेलकट असतं. भाररहित रेणू त्यातून झिरपतो, भारित आयन बाहेर अडतो. मग नुसतं झिरपून पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत मजल कशी जाईल?

जाते, कारण भाररहित रेणू आत गेला की बाहेर नवा तयार होतो; तोल सांभाळायला आयन प्रोटॉन उचलतो. आणि हे प्रोटॉन पुरवते ती पेशीच. आत शिरलेल्या रेणूभोवती पीएच सातच्या वर असतो, त्यामुळं तो आपला प्रोटॉन सोडून देतो आणि स्वतः भारित होऊन आत अडकतो. पेशीला आतलं आम्लपण परवडत नाही. पटलावर एक अदलाबदल करणारं प्रथिन असतं, ते प्रोटॉन बाहेर ढकलतं आणि बदल्यात सोडियम आत घेतं. बाहेर पडलेला प्रोटॉन श्लेष्माखालच्या पातळ थरात रेंगाळतो, तिथं दुसऱ्या आयनाला चिकटतो, तो भाररहित होतो, आत शिरतो. चक्र सुरू. रहाटगाडग्यासारखं: एक पोहरा रिकामा होतो तोवर दुसरा भरून वर येतो.

त्याच्या जोडीला वाहक प्रथिनं. पहिलं एमसीटी-१. हे एका आयनाबरोबर एक प्रोटॉन घेऊन दोघांना एकदम आत आणतं. दुसरं एसएमसीटी-१, याला प्रोटॉन नको, ते सोडियमच्या जोरावर आयन ओढतं. माल कमी असतानाही हे पकड सोडत नाही, म्हणून बाहेरची तीव्रता घसरलेली असते तिथं त्याचा उपयोग मोठा. तिसरी वाट सरळ अदलाबदलीची: एक आयन आत, एक बायकार्बोनेट बाहेर. आम्लं शोषली जातात तसतसा आतड्यातला पीएच उजवीकडून डावीकडं चढत जातो, त्याला हे बाहेर आलेलं बायकार्बोनेट आणि वापरले गेलेले प्रोटॉन, दोन्ही कारणं आहेत. पेशीच्या मागच्या पटलावरही अशाच वाटा आहेत. तिथून ती केशवाहिनीत उतरतात.

एमसीटी-१ बद्दल मला एक गोष्ट विशेष वाटते. पेशींना ब्युटिरेट मिळत राहिलं की त्या हा वाहक जास्त बनवतात. आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि व्रण येण्याचा जुनाट आजार) सुजलेल्या अस्तरात हाच वाहक कमी झालेला सापडतो. म्हणजे समोर ब्युटिरेट असूनही पेशीला ते नीट उचलता येत नाही. दुसरा वाहक, एसएमसीटी-१, ज्या जनुकावरून बनतो ते मोठ्या आतड्याच्या अनेक कॅन्सरमध्ये बंद पडलेलं असतं. हे २००३ मध्ये दाखवून दिलं गेलं. तुम्हाला यातलं काही झालंय असं मी म्हणत नाही. पण 'शोषता येत नाही' हा आजार कसा असतो, असं कुणी विचारलं तर तो असा असतो, आणि तो शौचातल्या ब्युटिरेटच्या आकड्यात सापडत नाही, दुर्बिणीत आणि बायॉप्सीत सापडतो.

मघाशी सोडियमचा उल्लेख ओझरता केला. तिथं परत येते, कारण माझ्या रोजच्या धंद्यात त्याचीच किंमत सगळ्यात जास्त आहे. सोडियम आत गेलं की पाणी त्याच्या मागोमाग जातं. दिवसाला दीडएक लिटर पाणी मोठ्या आतड्यात येतं आणि शौचातून जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर बाहेर पडतं. एवढं पाणी परत ओढण्यात या आम्लांचा वाटा मोठा आहे. एके काळी समज बरोबर उलटा होता: ही आम्लं नीट शोषली जात नाहीत, म्हणून ती पाणी धरून ठेवतात आणि जुलाब करतात. १९७०-८० च्या दशकांत माणसाच्या आतड्यात प्रत्यक्ष मोजमापं झाली आणि तो समज मोडला. अँटिबायोटिक घेतल्यावर होणाऱ्या जुलाबांचं एक कारणही इथंच आहे: जिवाणू मेले, आम्लं घटली, मीठ-पाणी ओढायला कुणी उरलं नाही.

याचा सगळ्यात देखणा उपयोग आपल्याच देशात झाला. कॉलऱ्याचं विष पेशीतली नेहमीची मीठ शोषायची वाट बंद पाडतं, पण या आम्लांच्या जोरावर चालणारी सोडियमची वाट मात्र चालू राहते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे हेरलं. ओआरएसच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम न पचणारा मक्याचा स्टार्च घालून त्यांनी तो कॉलऱ्याच्या रुग्णांना दिला. स्टार्च मोठ्या आतड्यात पोचला, आंबला, आम्लं तयार झाली आणि जुलाबाचं प्रमाण व मुदत दोन्ही घटली. २००० साली हे प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी ढाक्यातून असाच एक अभ्यास आला. चिघळलेल्या जुलाबाच्या लहान मुलांना भाताच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं दिलं आणि ती लवकर सावरली. पंचगंगेचा पूर ओसरला की माझ्या ओपीडीत जुलाबाचे पेशंट वाढतात. ओआरएस तर द्यायचंच, पण 'पोटाला आराम' म्हणून चार-चार दिवस उपाशी ठेवलेलं पोर बघितलं की मला हा स्टार्च आठवतो.

इथपर्यंत आम्ल पेशीत आलं. ते रक्तात किती पोचतं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. वाटेत तीन टोल आहेत. (टोल हा शब्द कोल्हापुरात जपून वापरावा लागतो, कल्पना आहे. शहरातला टोल आपण घालवला, शरीरातला नाही घालवता येत.)

पहिला टोल भिंतीतच, आणि तो सगळ्यात कडक. मोठ्या आतड्याच्या पेशींचं मुख्य इंधन ब्युटिरेट. रोडिगर नावाच्या संशोधकानं १९८० मध्ये शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यांतून जिवंत पेशी वेगळ्या करून बघितलं, तेव्हा या पेशी ग्लुकोजपेक्षा ब्युटिरेटला पसंती देताना दिसल्या. त्यांच्या ऊर्जेचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग त्यातून येतो. रक्त पाठीमागून वाहतंय, त्यात ग्लुकोज आहे, तरी या पेशी पुढच्या दारातून आलेलं खातात. त्यातला गमतीचा भाग असा की ब्युटिरेट जाळताना पेशी ऑक्सिजन खर्चते, त्यामुळं आतड्याच्या पोकळीत तो झिरपत नाही, आणि ऑक्सिजन नाही म्हणूनच ब्युटिरेट बनवणारे जिवाणू तिथं जगतात. त्यांनी शिजवायचं, हिनं चूल पेटती ठेवायची.

दुसरा टोल यकृत. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं. प्रोपिओनेट जवळजवळ सगळं तिथंच थांबतं. त्याचं ग्लुकोज वगैरे बनतं, आणि त्या प्रक्रियेत एका पायरीला बी-१२ लागतं. भिंतीतून निसटलेलं ब्युटिरेटही यकृत धरतं. तिसरा टोल म्हणजे स्नायू आणि बाकीचं शरीर. तिथवर मुख्यतः ॲसिटेट पोचतं आणि जाळलं जातं.

याचे आकडे कुणी मोजले? जॉन कमिंग्ज आणि सहकाऱ्यांनी, १९८७ मध्ये, ब्रिटनमध्ये. पद्धत जरा अंगावर येणारी आहे: अचानक मरण पावलेल्या सहा जणांच्या देहातून चार तासांच्या आत नमुने घेतले. सीकममध्ये या आम्लांची एकूण पातळी किलोला १३१ मिलिमोल. पोर्टल रक्तात लिटरला ३७५ मायक्रोमोल. यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात १४८. हातापायाकडच्या शिरांत ७९. म्हणजे आतड्यात जे आहे त्याच्या सोळाशेव्या हिश्श्याहूनही कमी तुमच्या दंडातल्या रक्तात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही वाटलं होतं, मग शोषलं काय डोंबल?

थांबा, एक हिशोब करू. तुमच्या वर्गातही देता येईल. पोर्टल शिरेतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहतं, म्हणजे दिवसाला १४४० लिटर. ३७५ मधून शरीर फिरून आधीच आलेले ७९ वजा करा. लिटरमागं २९६ मायक्रोमोल नवे. गुणाकार करा: ४२६ मिलिमोल. दिवसाच्या ३०० ते ६०० मिलिमोल उत्पादनाशी हे छान जुळतं. हिशोब कच्चा आहे, सहा मृतदेहांवरून काढलाय, पण पातळी आणि प्रवाह यांतला फरक त्यातून लख्ख दिसतो. कालव्यात पाणी गुडघाभर असलं तरी दिवसभरात किती शेतं भिजतात ते खोलीवरून नाही कळत.

आम्लागणिक हिशोब वेगळा. बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठात जड कार्बनची खूण केलेली आम्लं मोठ्या आतड्यात फुटणाऱ्या कॅप्सूलमधून निरोगी माणसांना दिली गेली. २०१७ मध्ये निकाल आला: सर्वांगाच्या रक्तापर्यंत ॲसिटेट ३६ टक्के पोचलं, प्रोपिओनेट ९ टक्के, ब्युटिरेट २ टक्के. शंभर रुपयांचं ब्युटिरेट, आणि गल्ल्यात दोन रुपये. बाकी अठ्ठ्याण्णव बुडाले नाहीत सर, ते भिंतीनं आणि यकृतानं खाल्ले. म्हणून ब्युटिरेटच्या बाबतीत 'रक्तात किती गेलं' हा प्रश्नच जरा चुकतो. त्याचं काम रक्तात पोचायच्या आधी होऊन गेलेलं असतं.

हे मला पुस्तकानं नाही, एका पेशंटनं पटवलं. करवीर तालुक्यातले शेतकरी, आतडं पिळवटल्यामुळं तातडीचं ऑपरेशन झालेलं, पोटावर पिशवी बसवलेली. शौच पिशवीतून बाहेर, पुढचं आतडं आणि गुदाशय नुसतं पडून. सहा महिन्यांनी गुदद्वारातून रक्तमिश्रित शेंब पडायला लागला. घरचे कॅन्सरच्या भीतीनं अर्धमेले. मी दुर्बीण घातली तर अस्तर लालबुंद, नुसतं टेकलं तरी रक्त. बायॉप्सीत कॅन्सर नाही, जंतुसंसर्ग नाही. आणि रक्तपुरवठा उत्तम! ग्लुकोज, ऑक्सिजन, सगळं मागच्या बाजूनं येत होतं. फक्त पुढून अन्न येत नव्हतं, म्हणून जिवाणूंना खाणं नाही, म्हणून आम्लं नाहीत. मी हे सांगितल्यावर त्यांचा भाऊ म्हणाला, "म्हंजे डॉक्टर, आतडं उपाशी हाय व्हय?"

व्हय, उपाशीच. याला डायव्हर्जन कोलायटिस म्हणतात. १९८९ मध्ये हॅरिग आणि सहकाऱ्यांनी असल्या पेशंटना या आम्लांचा एनिमा देऊन सूज उतरते हे दाखवलं होतं. आमच्या पेशंटचं आतडं सर्जननी पुन्हा जोडलं. दोन महिन्यांनी मी परत बघितलं, अस्तर गुलाबी, ओलसर, चकचकीत. औषध काही नव्हतं. त्यांच्या घरची भाकरी-आमटी तेवढी पुन्हा त्या वाटेनं जायला लागली होती.

एनिमावरून आठवलं: गुदाशयाच्या खालच्या टोकाचं रक्त यकृताकडं न जाता थेट मोठ्या शिरेला मिळतं. तिथून शोषलेल्या आम्लाला दुसरा टोल लागत नाही. पण सहज आली गोष्ट, तुमच्या कामाची नाही.

भिंतीतल्या काही पेशींवर या आम्लांचे संवेदक असतात. त्यांना आम्ल लागलं की त्या जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरकं सोडतात आणि भूक जरा आवरते. वजन आणि शुगरची नवी इंजेक्शनं जीएलपी-१ च्याच वाटेनं काम करतात, म्हणून हल्ली 'फायबर म्हणजे फुकटचं इंजेक्शन' असं सांगत फिरणारे भेटतात. तसं नसतं. परिणाम आहे, पण इंजेक्शनच्या पासंगालाही पुरणार नाही.

आता तूप. 'ब्युटिरेट' हे नावच लोण्याच्या लॅटिन नावावरून पडलंय, त्यामुळं तुमचा प्रश्न अगदी रास्त. तुपात वजनानं तीन-चार टक्के ब्युटिरिक आम्ल असतं. एका चमच्यात, पाच ग्रॅम तुपात, दीड-दोन दशांश ग्रॅम. तुमचे जिवाणू दिवसाला ६० ते १२० मिलिमोल ब्युटिरेट बनवतात, म्हणजे पाच ते दहा ग्रॅम. नुसत्या पाच ग्रॅमची बरोबरी करायला दीडशे ग्रॅमच्या आसपास तूप लागेल. तालमीतल्या एखाद्या पैलवानाला तेही जड नाही म्हणा! पण तेवढं खाल्लं तरी उपयोग नाही, कारण तुपातलं ब्युटिरेट जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच सुटतं आणि तिथंच शोषलं जातं. मोठ्या आतड्याला त्याचा वासही लागत नाही. भाकरीवर तूप जरूर घ्या, चवीसाठी घ्या. आतड्याला ब्युटिरेट मिळणार आहे ते तुपाखालच्या भाकरीतून.

कॅप्सूललाही हीच अडचण. साधी कॅप्सूल वरच विरघळते. खास आवरणाची मोठ्या आतड्यापर्यंत पोचते, पण त्यातला माल मिलिग्रॅममध्ये मोजायचा आणि तुमचं घरचं उत्पादन ग्रॅममध्ये. काही विशिष्ट आजारांत मी कधीतरी लिहून देते. पोटाची तक्रार नसलेल्या माणसाला, एका लाल अक्षरापायी, देत नाही.

खायचं काय, ते तुमच्या घरात आहेच. ज्वारीची भाकरी, मटकी-हरभऱ्याची उसळ, पालेभाज्या देठांसकट, कांदा. शिजवून गार केलेल्या भातात काही स्टार्च पुन्हा घट्ट होऊन न पचणारा बनतो, म्हणून रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देण्यात गैर काही नाही. फक्त तो रात्रभर ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवायचा, नाहीतर ब्युटिरेटऐवजी उलट्या मिळतील. मिसळीतली मटकी चालेल, वरचा कट तुमच्या जबाबदारीवर. एकदम वाढवू नका. आठवड्याला थोडं-थोडं. परवा एक बाई आल्या, कुठंतरी वाचून एकाच दिवसात सगळं घर कडधान्यांवर आणलं होतं. नवऱ्याचं पोट ढोलासारखं गुबारलेलं आणि सासूबाई बोलेनाशा. मोड आणले की पोट फुगवणाऱ्या त्या साखरा काही प्रमाणात उतरतात, तेवढा धीर धरावा. ज्यांना आयबीएसचा (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या वारंवार तक्रारींचा) त्रास आहे त्यांनी तर आपापल्या डॉक्टरांना विचारूनच.

तो रिपोर्ट फाइलला लावून ठेवा, पुन्हा करू नका. त्याऐवजी दोन आठवडे रोज काय खाल्लं ते वहीत लिहा आणि ती वही घेऊन या. मला त्यावरून जास्त कळेल. आणि एक विचारायचं राहिलं: शौचात रक्त, कारण नसताना उतरलेलं वजन, अलीकडं बदललेली शौचाची सवय, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही आहे का? असेल तर वहीसाठी थांबू नका, या आठवड्यातच या. तुमच्या वयाला दुर्बिणीनं एकदा बघून घ्यावं असं मी तसंही सांगितलं असतं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते चवीला वाईट आहे, हे आधीच सांगून ठेवते.